माझदा एम.एक्स.-५, १९९० चं मॉडेल: आयडलला थरथर, उतारावर फटाके. शोध कुठून सुरू करू?

गिरणाकाठ, जळगाव

नमस्कार मंडळी. गाडी माझी नाही, काकांची आहे. १९९० ची माझदा एम.एक्स.-५, दोन सीटची, कापडी टपाची, १६०० सी.सी.चं इंजिन. काका इंग्लंडमधून कायमचे परत आले तेव्हा तिला बोटीने मुंबईला आणलं आणि तिथून स्वतः चालवत जळगावला. तीस वर्षं त्यांनी तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. आता गुडघ्यांमुळे इतक्या खाली बसणं-उठणं जमत नाही, म्हणून दोन वर्षांपासून किल्ली माझ्याकडे आहे. हे आधी सांगतो, कारण गाडी माझ्या ताब्यात आली आणि बिघडली ही गोष्ट मला रोज खाते.

त्रास असा. थंड इंजिन लगेच चालू होतं, दोन-तीन मिनिटं बरं चालतं. गरम झालं की आयडल, म्हणजे उभ्या गाडीत पाय न देता इंजिन फिरतं तो वेग, मिनिटाला ६०० आणि ११०० फेऱ्यांच्या मध्ये झोके घेतं, स्टिअरिंग हातात थरथरतं, आणि कधी कधी सिग्नलला थांबलो की बंदच पडतं. क्लच सोडून गाडी उचलताना इंजिन खोकतं. आणि उतारावर पाय उचलला की मागून फाट! मागच्या रविवारी कन्नड घाट उतरून चाळीसगावकडे येत होतो, तर तीन वळणांत पाच वेळा आवाज झाला. पुढच्या रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेऊन मागे वळून पाहिलं.

आतापर्यंत झालेलं काम: एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले. चार दिवस बरं वाटलं. दुसऱ्या ठिकाणी इंजिनच्या मागच्या बाजूचा सेन्सर फिरवून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, सेट केलं. तिसऱ्याने बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत सांगितलं, कॉम्प्युटर गेलाय, बाहेरून मागवा. त्याची किंमत ऐकून इथे आलोय. पावसाळ्यात चार महिने गाडी शेडमध्येच उभी होती, हेही सांगून ठेवतो.

केळीवाला, रावेर

दादा, पेट्रोलच असणार. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि ही गाडी १९९० ची. चार महिने टाकीत उभं राहिलं म्हणजे पाणी धरलं असेल. टाकी रिकामी करा, काम फत्ते.

निवृत्त फिटर, भुसावळ

टाकी रिकामी करण्याआधी एक काम करा. काचेच्या स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर पेट्रोल काढा आणि रात्रभर हलवू नका. इथेनॉलने पाणी धरलं असेल तर सकाळी तळाशी वेगळा थर दिसेल, मध्ये स्पष्ट रेघ असेल. थर नसेल तर टाकीला हात लावू नका.

आता मला एका प्रश्नाचं उत्तर द्या, बाकी नंतर बोलू. आवाज कुठून येतो? पुढून, हवा आत जाते तिथून? की मागून, सायलेन्सरमधून? मी आयुष्यभर रेल्वेची इंजिनं उघडली, ती डिझेलची, पण एवढं पेट्रोलच्या सगळ्याच इंजिनांना लागू आहे. पुढून खोकला म्हणजे मिश्रण हलकं झालंय: हवा जास्त, पेट्रोल कमी. असं मिश्रण सावकाश जळतं, इनटेक व्हॉल्व पुन्हा उघडेपर्यंत आत आग शिल्लक असते आणि ती उलटी पाइपात येते. मागून फटाका म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरपर्यंत पोहोचलं आणि तिथे पेटलं. म्हणजे कुठल्या तरी सिलिंडरला करंट मिळत नाही, किंवा उशिरा मिळतो, किंवा पेट्रोल फार पडतंय. दोघांची औषधं वेगळी आहेत.

गिरणाकाठ, जळगाव

फिटर काका, दोन्ही. गाडी उचलताना खोकला पुढून येतो, हे आज मुलाला बॉनेटपाशी उभं करून नक्की केलं. घाटातला फटाका मात्र मागूनच.

बाटली भरून ठेवली आहे.

निवृत्त फिटर, भुसावळ

मग दोन आजार धरून चला. एकाच दुखण्याची दोन लक्षणं समजून बसलात तर पहिलं औषध लागू पडलं तरी तुम्हाला कळणार नाही, आणि तुम्ही ते पुन्हा काढून टाकाल. गॅरेजमध्ये निम्मे पैसे इथेच जातात.

पांझरा, धुळे

भो, पह्यले एक सांगस, आयडलच्या स्क्रूले हात लाऊ नको! बठ्ठं शोधी झाल्यावर तो शेवटी.

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. आपल्याच देशात बनलेली दोन सीटची, फायबरच्या बॉडीची, आत रेनॉचं ११४९ सी.सी.चं इंजिन. ती दीड वर्षं अशीच करत होती. मागून फटाके, काळा धूर, ॲव्हरेज निम्मं. शेवटी सापडलं काय, तर प्रेशर सेन्सरकडे जाणारी बोटाएवढी व्हॅक्यूमची नळी टोकाला फाटलेली. नळी ४० रुपयांची. त्याआधी अर्थिंगचा ताप झाला होता तो वेगळाच. फायबरमधून करंट परत जात नाही, त्यामुळे सगळी अर्थ वायरनेच चॅसीला आणि इंजिनला जोडलेली असते. एक बोल्ट गंजला तर सगळे सेन्सर चुकीचं सांगू लागतात. तुमची बॉडी पत्र्याची आहे, तरी अर्थचे बोल्ट खोलून, घासून पुन्हा आवळा. बॅटरी डिकीत आहे ना तुमची? तिथलाही.

सांगायचं एवढंच की सगळ्या नळ्या बघा.

तापीची लेक, जळगाव

पांझरा दादांचा अनुभव मोलाचा आहे, पण त्यातली एक गोष्ट या गाडीला उलटी लागू होते. मी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइल शिकवते. मुलांचा नेमका इथेच गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरला एकच मोठा प्रश्न सोडवायचा असतो: आत किती हवा गेली? त्यावर तो पेट्रोल मोजून देतो. हवा मोजण्याच्या जुन्या पद्धती मुख्यतः दोन. स्टॉर्ममध्ये मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या पाइपांमधला, दाब मोजून हवेचा अंदाज काढतात. तिथे मॅनिफोल्डला भोक पडलं तर दाब वाढलेला सेन्सरलाही दिसतो, कॉम्प्युटर त्या हवेला पेट्रोल देतो, आणि बहुतेक वेळा नुसतं आयडल चढतं. पण सेन्सरचीच नळी फाटली, तर त्याला बाहेरच्या हवेचा दाब दिसतो. कॉम्प्युटरला वाटतं ड्रायव्हरने पाय पूर्ण दाबलाय, आणि तो पेट्रोल ओततो. म्हणून काळा धूर.

तुमच्या १६०० च्या एम.एक्स.-५ मध्ये एअर फिल्टरला लागून एक डबी आहे, तिच्यात स्प्रिंगचा झडपा आहे. आत जाणारी हवा तो झडपा ढकलते; जितका उघडला, तितकी हवा. साधी, प्रामाणिक यंत्रणा. पण झडप्याच्या पुढे, म्हणजे झडपा आणि इंजिन यांच्या मध्ये, कुठूनही हवा शिरली तर ती मोजलीच जात नाही. तिच्या वाटचं पेट्रोल पडत नाही. मिश्रण हलकं होतं आणि पुढून खोकला येतो. फिटर काका म्हणतात तो हाच.

आणखी एक. याच झडप्याला गाडीतल्या पेट्रोल पंपाचा स्विच जोडलेला आहे. इंजिन चालू असेपर्यंत झडपा थोडा उघडा, तोवर पंप चालू. हवा दुसरीकडून भरपूर येऊ लागली तर आयडलला झडपा जवळजवळ मिटतो, स्विच सुटतो, पंप बंद पडतो आणि गाडी सिग्नलला थांबते. तुमची गाडी बंद पडते ती नेमकी आयडललाच, हे मला फार बोलकं वाटतं.

आज संध्याकाळी फुकटची तपासणी करा. गरम इंजिन आयडलला चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. निरोगी गाडीचं आयडल त्या क्षणी बिघडलं पाहिजे, कारण झाकणातून न मोजलेली हवा आत जाते. काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीपासूनच दुसरीकडून शिरतेय.

केळीवाला, रावेर

ताई, म्हणजे इथेनॉलचा काहीच संबंध नाही?

तापीची लेक, जळगाव

आहे, पण तो मुख्य आरोपी नाही. साध्या पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, शुद्ध इथेनॉलला ९. २० टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. १९९० च्या कॉम्प्युटरचे आकडे साध्या पेट्रोलचे. तो जुन्या हिशेबानेच पेट्रोल मोजतो, म्हणून मिश्रण मुळातच थोडं हलकं राहतं. त्यात हवेची गळती आली की आधी जे सोसत होतं ते सोसवेनासं होतं. शिवाय जुन्या रबराच्या पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलने फुगतात, तडकतात, त्या बदलून घ्याच; तो आगीचा प्रश्न आहे. पण इथेनॉल चारही सिलिंडरना सारखंच जातं. एकच सिलिंडर रुसला असेल तर दोष दुसरीकडे शोधायचा.

गिरणाकाठ, जळगाव

बाटली: सकाळी एकसंध, थर नाही, रेघ नाही. टाकीला हात लावत नाही.

ऑइलचं झाकण: सैल केलं, मग पूर्ण काढलं. आयडलमध्ये काडीचा फरक नाही! काका खुर्ची टाकून शेजारी बसले होते. ते म्हणाले, पूर्वी झाकण उचललं की ही लगेच मरायला टेकायची. त्यांना हे माहीत होतं, मीच कधी विचारलं नव्हतं.

आता हवा कुठून शिरते ते कसं शोधू? कार्ब क्लीनर मारत फिरलो. सगळीकडेच फवारा उडतो, काही कळत नाही, आणि गरम मॅनिफोल्डवर मारायची भीती वाटते.

निवृत्त फिटर, भुसावळ

भीती वाटते ते बरोबरच आहे, तो फवारा पेट घेतो. धूर वापरा. धूर खोटं बोलत नाही.

घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. झाकणाला दोन भोकं पाडा. ठिबकवाल्याच्या दुकानात १६ एम.एम.ची ग्रोमेट आणि टेक-ऑफ मिळतात, ते त्यात बसवा, हवाबंद बसतात. जळगावात ते कुठे मिळतं हे मी सांगायला नको. एका बाजूने माशांच्या टाकीचा छोटा पंप, दुसऱ्या बाजूने दोन मीटर ठिबकची नळी. डब्यात धूप पेटवून ठेवा. निघणाऱ्या नळीच्या तोंडाशी आतून स्टीलचा काथ्या कोंबा, म्हणजे ठिणगी पुढे जाणार नाही. गाडी रात्रभर थंड झालेली हवी, पेट्रोलचा वास कुठेही नको, डबा गाडीपासून लांब आणि वाळूची बादली जवळ. झडप्याच्या डबीपासून पाइप सोडवून त्याचं तोंड बंद करा. धूर ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूम नळीतून आत सोडा आणि ॲक्सिलरेटर थोडा उघडा अडकवून ठेवा. मग नुसतं बघत बसा. पंपाचा दाब एवढा कमी असतो की काही फुटत नाही.

गिरणाकाठ, जळगाव

सापडलं! लिहिताना हात अजून काळे आहेत.

पाइपाचं तोंड बंद करायला शेतातल्या पाइपलाइनचा ६३ एम.एम.चा एंड कॅप कामी आला, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. धूप काकूच्या देवघरातला. पहिली दोन मिनिटं काहीच नाही, मग ऑइलच्या मापकाडीपाशी बारीक धूर दिसला. तिथे थोडा येतोच, असं काका म्हणाले. इंजेक्टरच्या बुडाशी काही नाही. थ्रॉटलपाशी काही नाही. मी निराश होऊन टॉर्च बंद करणार, तेवढ्यात काका म्हणाले, खालून बघ.

रेडिएटरच्या मागून इंजिनपुढे आडवा जाणारा जो रबरी पाइप आहे, त्याला मधे भात्यासारख्या घड्या आहेत. वरून तो पाइप नवा कोरा दिसतो. मी त्याला दर महिन्याला पुसतो. खालच्या बाजूला, दुसऱ्या आणि तिसऱ्या घडीच्या मधल्या खोबणीत, धुराचा पांढरा पडदा सरळ खाली सांडत होता. बोट फिरवलं तर जवळजवळ अर्ध्या घेराला चीर. इंजिन हाताने एका बाजूला ढकललं की चीर उघडते, सोडलं की मिटते.

म्हणजे गाडी उचलताना इंजिन माउंटिंगवर झुकतं, चीर उघडते, आणि खोकला येतो. बरोबर ना ताई?

तापीची लेक, जळगाव

अगदी बरोबर. इंजिन थंड असताना कॉम्प्युटर मुळातच जास्त पेट्रोल देतो, म्हणून पहिली दोन-तीन मिनिटं गळती झाकली जाते आणि गाडी शहाण्यासारखी वागते. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं कोडंही यात सुटलं. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो, बॉनेटखाली तर विचारूच नका. पस्तीस वर्षांचं रबर घडीच्या तळाशीच तडकतं, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथे येतो.

नवा पाइप येईपर्यंत चीर पेट्रोलने नाही, साबणाच्या पाण्याने स्वच्छ करा, वाळू द्या, आणि स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून तीन पदर गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप उष्णतेने सुटते.

गिरणाकाठ, जळगाव

टेप लावली. खोकला गेला. आयडलचे झोके गेले. ऑइलचं झाकण उचललं की आता इंजिन लगेच धडपडतं. काका हसले.

पण थरथर थोडी आहेच, आणि काल लळिंगच्या उतारावर पुन्हा दोन फटाके. फिटर काका, दुसरा आजार.

निवृत्त फिटर, भुसावळ

आता सिलिंडर मोजा. आयडलला एकेका इंजेक्टरचा प्लास्टिकचा प्लग काढा आणि परत लावा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिनचा वेग पडतो. मेलेल्याचा काढून फरक पडत नाही. स्पार्क प्लगची केबल उपटून ही परीक्षा करू नका. करंटला जायला जागा मिळत नाही आणि ठिणगीचा करंट तयार करणारी कॉइल खराब होते, शिवाय पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जातं.

गिरणाकाठ, जळगाव

१, ३, ४ काढले की इंजिन पडतं. २ नंबरला फार थोडा फरक. स्पार्क प्लग काढून पाहिले: तिघांचा रंग फिका, २ नंबरचा ओला आणि काळा. नवेच प्लग आहेत, एन.जी.के. बी.के.आर.५ई-११, गॅप १.१ एम.एम. शंका नको म्हणून २ आणि ४ ची अदलाबदल केली, तरी २ च रुसलेला. केबलचा रेझिस्टन्स मीटरवर मोजला, चारही ठीक. म्हणजे कॉइल गेली का?

तापीची लेक, जळगाव

थांबा, कॉइल मागवू नका. या इंजिनात एक कॉइल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला एकाच वेळी करंट देते. कॉइल कमजोर असती तर २ बरोबर ३ पण रुसला असता. तुमचा ३ ठणठणीत आहे.

मीटर केबलच्या आतली तार मोजतो. बाहेरचं रबर करंट अडवतंय की नाही हे त्याला कळत नाही. त्याच्याकडे ९ व्होल्टची बॅटरी, आणि केबलमध्ये हजारो व्होल्ट. रबराला चीर पडली असेल तर २ चा करंट प्लगऐवजी इंजिनच्या धातूवर उडी मारतो. सर्किट तसंही पूर्ण होतं, म्हणून ३ ला ठिणगी मिळत राहते. तुमचं चित्र तंतोतंत असंच दिसतंय.

प्लगच्या खड्ड्यात ऑइल होतं का?

गिरणाकाठ, जळगाव

२ नंबरच्या खड्ड्यात बोटाचं पेर बुडेल एवढं होतं. पुसून घेतलं, पण लिहायचं राहिलं.

पांझरा, धुळे

मग इंजिनच्या वरच्या मोठ्या झाकणाचं पॅकिंग गेलंय. ऑइलमध्ये भिजून केबलची टोपी फुगते, मऊ पडते, मग फाटते. आता रात्री अंधारात बघ भो. फवाऱ्याच्या बाटलीने पाण्याचं धुकं मार, नुसतं धुकं, आंघोळ नको. हात लांब ठेव, लई जोरात बसस.

गिरणाकाठ, जळगाव

काल रात्री अकराला शेडचा दिवा घालवला. शेजाऱ्यांच्या गच्चीवरचा दिवाही मालवायला सांगितला. इंजिन चालू, बॉनेट उघडं. पहिल्यांदा काही दिसलं नाही, डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं लागली. मग धुकं मारलं.

२ नंबरच्या टोपीच्या मानेवरून झाकणाच्या बोल्टकडे निळा धागा. सुईच्या जाडीचा, वाकडा, दर ठिणगीला जागा किंचित बदलणारा. आणि चट्-चट् आवाज, जो दिवसा इंजिनच्या आवाजात कधीच ऐकू आला नव्हता. मी काकांना हाताला धरून जवळ आणलं. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, तीस वर्षांत हिच्यातला करंट पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

न जळलेलं पेट्रोल २ मधून सायलेन्सरमध्ये आणि तिथे फटाका, हे आता समजलं. केबलचा सेट आणि झाकणाचं पॅकिंग मागवलं.

सातपुडा, नंदुरबार

सगळा धागा वाचला. एक गोष्ट मागे राहतेय. दुसऱ्या गॅरेजमध्ये सेन्सर फिरवला होता ना? तो जागेवर आणायला हवा. उशिराच्या टायमिंगनेही जळण एक्झॉस्टमध्ये सरकतं आणि फटाके वाढतात.

माझ्या भावाकडे पुण्याला हीच गाडी आहे. तिच्या बॉनेटखाली डायग्नोसिसची काळी पेटी असते, तिच्यात टी.ई.एन. आणि जी.एन.डी. अशा दोन जागा आहेत. त्या वायरच्या तुकड्याने जोडल्याशिवाय टायमिंग बघायचंच नाही. जोडलं नाही तर कॉम्प्युटर आयडल सांभाळायला टायमिंग स्वतःच मागे-पुढे करत राहतो आणि तुम्ही हलत्या खुणेवर निशाणा धरता. जोडल्यावर बेस टायमिंग पिस्टन वर पोहोचण्याच्या १० अंश आधी आणि आयडल ८५० आलं पाहिजे. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) साधी वापरा. डायलवाल्या काही लाइट या कॉइलला फसतात, कारण इथे प्रत्येक फेरीला ठिणगी पडते, आणि आकडा दुप्पट दाखवतात.

सेन्सरचा बोल्ट सैल करण्याआधी एक बघा. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १६०० इंजिनात क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, पुढचं नाक आखूड होतं. तिथे बोल्ट कधी नीट आवळला गेला नसेल तर पुली जागेवर धरणाऱ्या चावीची खाच झिजते, पुली डुलते आणि टायमिंग आपोआप मागे जातं. पुलीच्या तोंडाला चार खाचा म्हणजे आखूड नाक, आठ म्हणजे सुधारलेलं. गाडी १९९० ची आहे, म्हणून सांगतोय. आयडलला पुलीच्या कडेशी खडू धरून बघा, डुलत असेल तर खडू एकाच बाजूला लागेल.

गिरणाकाठ, जळगाव

चार खाचा आहेत. हे वाचून रात्रभर झोप आली नाही. सकाळी खडू धरला, पूर्ण घेरावर सारखी रेघ आली. काकांनी टायमिंग बेल्ट इतक्या वर्षांत दोनदा बदलून घेतला, दोन्ही वेळा स्वतः शेजारी उभं राहून तो बोल्ट टॉर्क पान्याने आवळून घेतला होता. त्यांच्या वहीत तारखेसह लिहिलेलं आहे.

केबल आणि पॅकिंग बाराव्या दिवशी आलं. पॅकिंग बसवताना कॅमच्या टोकांशी जिथे अर्धगोल संपतो, त्या कोपऱ्यांत सीलंटचा थेंब लावला. गळती तिथूनच सुरू होते, असं काका म्हणाले. खड्डे कोरडे केले, केबल बसवल्या, मग पेटीत वायर जोडून लाइट मारली. बेस टायमिंग ४ अंशांवर होतं! सहा अंश मागे. त्या मेकॅनिकने गळकी गाडी कानाला गोड लागेपर्यंत सेन्सर फिरवला असावा. १० वर आणलं, बोल्ट आवळला, पुन्हा लाइट मारून खात्री केली. आयडल ९०० दिसत होतं. शेवटी, पांझरा दादांनी सांगितल्याप्रमाणे अगदी शेवटी, स्क्रू पाव फेरी फिरवून ८५० वर आणलं आणि वायर काढली.

तापीची लेक, जळगाव

पेट्रोलचा दाब पाहिला का? चार महिने उभी होती म्हणून विचारते. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की दाब साधारण अर्धा किलो वर चढला पाहिजे. आणि त्या नळीत पेट्रोलचा वास आला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय.

गिरणाकाठ, जळगाव

गेज उसना आणला. नळी लावून सव्वादोन किलो, काढून पावणेतीन. नळी कोरडी, वास नाही.

आज पहाटे काकांना शेजारी बसवून कन्नड घाटात गेलो. बसवायला मी आणि मुलगा दोघं लागलो. वर जाऊन चहा घेतला आणि टप उघडा ठेवून उतरलो. तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून पूर्ण घाट, एकही फटाका नाही. खाली चाळीसगावच्या चौकात आठ मिनिटं अडकलो, पंखा सुरू झाला, दिवे लावले, काटा ८५० वरून हलला नाही. काका सगळा वेळ एक हात डॅशबोर्डवर ठेवून बसले होते. थरथर आहे का बघत होते.

नवा रबरी पाइप पुढच्या महिन्यात येतोय. इंधनाच्या नळ्याही त्यातच मागवल्या आहेत. तोवर टेप दर रविवारी खालून आरशाने बघतोय.

केळीवाला, रावेर

दादा, अभिनंदन. माझ्या जुन्या बलेनोचं आयडल चढलेलंच राहतं, हजाराच्या खाली येत नाही. ताईंनी लिहिलं तसं मॅनिफोल्डची हवा असेल का? तुमचा धुराचा डबा मिळेल का दोन दिवस?

पांझरा, धुळे

आधी मनं काम! स्टॉर्मचा उन्हाळ्यापासून पुन्हा बारीक आवाज येतोय.

निवृत्त फिटर, भुसावळ

डबा पाठवताना स्टीलचा काथ्या नवा घाला, जुना एकदा तापला की झडतो.

गिरणाकाठ, जळगाव

काथ्या बदलला. डबा, पंप, नळी आणि दोन मापांचे एंड कॅप एका पिशवीत बांधलेत. शनिवारी मी धुळ्याला येतोय, पांझरा दादा, स्टँडच्या बाहेर साडेदहाला भेटू. रावेरला पुढच्या आठवड्यात. धूप मात्र ज्याने त्याने आपला आणायचा, काकूने बजावलंय.